अटीचं लूप आणि खडकावरचं पाणी

१० सप्टेंबर २०११, कल्याण (कर्नाटक)

सकाळी पोचले. बंगळूरची बस हुमनाबादला सोडली, तिथून दुसरी धरली. अप्पा पुढच्या खोलीत लोखंडी पलंगावर पडलेले. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालंय, पण दिवाळीपर्यंत पाय टेकायचा नाही. मला बघून पहिलं वाक्य, "नोकरी सोडून आलीस व्हय?"

"न्हाई अप्पा. संगं घेऊन आलेय."

अव्वा, माझी आई, दारातनं हसली. तिचे गुडघे आधीच गेलेले, अप्पांना उठवून बसवताना तिच्याकडे बघवत नाही. ऑपरेशनला थोरला भाऊ अण्णा पुण्याहून आला होता. त्याची रजा संपली, आता माझी पाळी. नवरा बंगळुरात एकटा. शिवाला स्वयंपाक माझ्यापेक्षा बरा येतो, त्याची काळजी नाही.

राव सरांनी घरून काम करायला परवानगी दिली, पण खुशीनं नाही. रिलीज तोंडावर. "मास्कचं काम तुझ्याकडेच राहील असं मी सांगू शकत नाही, जगदेवी. मार्टिनला पटलं तर बघू." मार्टिन परदेशात हेड ऑफिसला असतो. त्याच्या होकाराशिवाय आमच्यातल्या कुणाचाच पॅच, म्हणजे कोडमधला बदल, कम्पायलरमध्ये जात नाही. अटीच्या लूपसाठीचा माझा पहिला पॅच त्यानं मागच्या महिन्यात परत पाठवला. लिहिलं होतं, असली लूप खऱ्या प्रोग्रॅममध्ये कुठे असतात? एक दाखव.

एक तरी असेलच की. कुठे तरी.


१३ सप्टें.

डेटाकार्ड घरात चालत नाही. माळवदावर पाण्याच्या टाकीशेजारी बसलं तर चालतं. सतरंजी, छत्री, लॅपटॉप. बंगळूरच्या मशीनवर लॉगिन होते, मी टाइप केलेलं अक्षर दमानं उमटतं, तोवर मी पुढची ओळ मनात लिहून ठेवते. लाइट सकाळी जाते, दुपारी येते, संध्याकाळी परत जाते. बॅटरी पुरवून पुरवून वापरायची.

शेजारच्या माळवदावरून एक बाई विचारत होत्या, "काय वाळवायलीस गं?"


१८ सप्टें.

अप्पांना अंघोळ घालून बसवलं, दाढी केली. मग गप्पा.

"लोक विचारतेत, पोरगी काय करती म्हणून. मी कंप्युटर म्हणून सांगतो. नेमकं काय करतीस तू?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मीही कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं की माणूस प्रोग्रॅम लिहितो, चिपला तो कळत नाही. मधे कम्पायलर असतो, तो प्रोग्रॅम चिपच्या हुकमांत उतरवून देतो. मी तो कम्पायलर सुधारते. नव्या चिपमध्ये रुंद रजिस्टर आलेत, आठ खान्यांचे. एका हुकमात आठ बेरजा. पण कम्पायलरनं तसा हुकूम लिहिला तर. नाहीतर एक खाना भरलेला, बाकीचे मोकळे.

अप्पांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. अर्धं कल्याण त्यांच्याकडे इंग्रजी-कन्नड टायपिंग शिकून नोकरीला लागलं. मग कंप्युटर क्लास निघाले आणि बंद झालं. अप्पा म्हणाले, "म्हणजे कार्बन घालून टाइप केल्यासारखं. एक ठोका, आठ कागद."

"तसंच. फक्त दर कागदावर आकडा वेगळा."

"आन् एखाद्या कागदावर उमटवायचंच नसंल तर?"

"तेच तर माझं काम, अप्पा. लूपमधे, म्हणजे तेच काम परत परत करायच्या जागी, 'जर' आला की कम्पायलर सगळं एकेक करत बसतो. कारण कुठल्या खान्यात करायचं, कुठल्यात न्हाई, ते आधी कळत न्हाई. मी म्हणते आठही करा. जिथं नको तिथं आड पट्टी धरा. त्याला मास्क म्हणतेत."

"मग काही ठोके फुकट जायलेत की."

मार्टिनचा दुसरा आक्षेप हाच. अप्पा मार्टिनच्या बाजूनं.


२३ सप्टें.

रत्ना अप्पांना बघायला आली. रत्नमाला. इंजिनिअरिंगला चार वर्षं एका खोलीत राहिलो, आता ती गुलबर्ग्याच्या कॉलेजात शिकवते आणि पीएचडी करते. सुट्टीत इथे येऊन अप्पांकडे टायपिंगही शिकली होती. अजून त्यांना "सर" म्हणते. पेरू आणले होते.

तिचा विषय भूजल. कल्याण आणि हुमनाबाद तालुक्यांचे बारीक चौकोन पाडलेत. पाऊस पडला की कुठल्या चौकोनात किती मुरतो, किती वाहून जातो, विहिरींना किती पोचतो, हे तिचा प्रोग्रॅम काढतो. गाईडनी पूर्वी फोर्ट्रान या जुन्या भाषेत लिहिलेलं, त्यावर तिनं चढवलेलं. एकदा चालवायचं तर सकाळी लावलं की संध्याकाळ. आणि एकदा चालवून भागत नाही. मातीचा एखादा आकडा बदलायचा, परत चालवायचं, विहिरींशी ताडून बघायचं, परत.

"कॉलेजनं नवीन मशीन घेतलं माझ्यासाठी. भांडून घ्यायला लावलं मी. नवी चिप हाय म्हणून सांगितलं. आन् वेग हाय तेवढाच. प्राचार्य भेटले की विचारतेत, मॅडम, नव्या मशीनचं काय झालं? मी रस्ता बदलून जायलेय आता."

"कुठली चिप?"

तिनं सांगितली. तीच, आठ खान्यांची.

"तुझं मुख्य लूप दाखवतीस का मला? त्यात 'जर' हाय का?"

"जरच जर हाय त्यात," रत्ना म्हणाली. "माती भरली आसंल तर पाणी वाहू दे, न्हाईतर मुरू दे. कामून?"

मला हसूच यायला लागलं. तिला वाटलं चेष्टा करायलेय.


२४ सप्टें.

तिनं फाइल पाठवली. लूप हातानं कागदावर उतरवून घेतलं. बाहेर एक अट, त्या चौकोनात माती आहे का. आत दुसरी, ती माती भरली आहे का. सगळ्या चौकोनांवरून हेच. आत्ताचा कम्पायलर पहिली अट बघतो आणि सोडून देतो. माझा पॅच लावलेल्या कम्पायलरनं तिचा प्रोग्रॅम इथे लॅपटॉपवर बांधून, म्हणजे हुकमांत उतरवून, बघितला (लॅपटॉपची चिप जुनी, इथे चालणार नाही, पण हुकूम तर वाचता येतात). रुंद हुकूम आले. सलग. मास्कसहित.

वाचत बसले. स्वतःच्या हातानं लिहिलेलं नाही, माझ्या कम्पायलरनं लिहिलेलं. पण वळण ओळखू येतं.

अव्वा वर आली, म्हणाली, "काय झालं, चेहरा फुललाय?" तिला काय सांगायचं. म्हणलं, "रत्नाचं काम व्हायलंय."


२९ सप्टें.

गुलबर्गा. सकाळची पहिली बस. अप्पांपाशी शेजारच्या काकू बसल्या.

कम्पायलर खुला आहे, कुणीही घ्यावा, त्यामुळे रत्नाच्या मशीनवर माझा पॅच घालून बांधायला अडचण नव्हती. बांधण्यातच बराच वेळ गेला. मग तिचा प्रोग्रॅम लावला. ती रोजच्या सवयीनं म्हणाली, "चल, आता संध्याकाळपर्यंत न्हाई." वर्गावर गेली. मी एकटीच बसले.

दोन तास घेऊन परत आली तेव्हा मशीन गप्प होतं. ती म्हणाली, "लाइट गेली का?"

"न्हाई. संपलं."

तिनं खुर्ची ओढली, बसली, फाइलची वेळ बघितली, परत बघितली. मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "जगू, आता दिवसातनं तीनदा चालंल हे." कँटीनमधे इडली-वडा खाऊ घातला.

परतीच्या बसमधे उभी होते तरी पाय दुखले नाहीत. घरी येऊन आधी मार्टिनला मेल. खरा प्रोग्रॅम, खरं लूप, आधीची वेळ आणि आताची वेळ. एकही विशेषण घातलं नाही. गरजच नव्हती.


२ ऑक्टो.

मार्टिनचं उत्तर. छोटं. "हे मला अपेक्षित नव्हतं. पुन्हा पाठव, बघतो." राव सरांचा फोन, आवाजात एकदम फरक. काम माझ्याकडेच राहील म्हणाले. शिवाला सांगितलं, तो म्हणाला त्याला आधीच माहीत होतं. त्याला नेहमीच आधी माहीत असतं.

अप्पांचा मुद्दाही खोडला गेला. फुकटचे ठोके जातात, पण एकेक करण्यापेक्षा आठांत काही फुकट गेलेले परवडतात.


६ ऑक्टो. दसरा

सकाळपासून माणसांची रीघ. अप्पांचे जुने विद्यार्थी बन्नी, म्हणजे दसऱ्याचं सोनं, द्यायला आले. कुणी तहसीलमधे, कुणी कोर्टात, दोघं रिटायर झालेले. अप्पा पलंगावर पांढरा सदरा घालून बसलेले, सगळ्यांना सांगत होते, "आमची जगदेवी कम्पायलर करती." शब्द बरोबर उच्चारत होते.

दुपारी रत्नाचा फोन. सण म्हणून केला असेल असं वाटलं.

"जगू, उत्तरं बघितली मी आज नीट. काही चौकोनांत 'अनंत' आलंय."

"कसलं अनंत?"

"पाणी. मुरलेलं पाणी अनंत. सस्तापूरच्या बाजूला निव्वळ खडक हाय, तिथं. जुन्या कम्पायलरनं तिथं शून्य यायचं. तिथून पुढं सगळी बेरीज नासली." मग थोडं थांबून, "माझ्याच हातनं काही झालं आसंल का?"

तिच्या हातनं नाही. तिचा प्रोग्रॅम तोच होता. मी बदलला तो कम्पायलर.

अव्वाला सांगितलं, रत्नाच्या कंप्युटरात खडकावर लईच पाणी आलंय. ती म्हणाली, "बरंच झालं की." हसायला आलं नाही.


७ ऑक्टो.

मार्टिनला मेल लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी तीन ओळी: वेळा खऱ्या आहेत, उत्तर चुकीचं आहे, चूक माझ्या पॅचमधे आहे, सापडेपर्यंत बघू नकोस. राव सर म्हणाले, "आधी उत्तरं तपासायची, मग मेल करायचा होता." खरं आहे. मी वेळ बघितली आणि धावत सुटले.

दिवसभर टाकीशेजारी. काही सापडलं नाही. अप्पांनी विचारलं, "आज गप्प कामून?" सांगितलं. म्हणाले, "सापडंल." बस, एवढंच.


८ ऑक्टो.

लहान लूप लिहून बघितली. एक अट, बरोबर. दोन अटी शेजारी शेजारी, बरोबर. मग लाइट गेली, बॅटरीही गेली. उरलेली दुपार अप्पांच्या पायाला तेल लावण्यात. त्यांनी बोटं हलवून दाखवली.


१० ऑक्टो.

सापडलं.

अटीच्या आत अट. तिथेच. आतल्या 'नाहीतर'साठी मी मास्क उलटा केला, म्हणजे माती भरलेली नाही असे खाने. पण बाहेरची अट, मुळात माती आहे का, ती सोबत घ्यायला विसरले. खडकात माती नाही. म्हणजे ती 'भरलेली'ही नाही. म्हणून माझ्या कोडनं खडकाला मुरायच्या रांगेत उभं केलं आणि पाण्याला मातीच्या खोलीनं भागलं. खोली शून्य. अनंत.

खडकावर पाणी मुरवलं मी.

दुरुस्ती एका ओळीची. उलटा केलेला मास्क बाहेरच्या मास्कशी जोडायचा. पण तेवढ्यावर थांबायचं नाही. आतल्या आतल्या अटींच्या सगळ्या जोड्यांच्या टेस्ट लिहायच्या. तीन थर, चार थर. दोन दिवस लागतील. लागू देत.

जिना उतरताना अव्वा म्हणाली, "आज धडधड उतरलीस." दोघींनी बसून चहा घेतला.


१४ ऑक्टो.

परत गुलबर्गा. या वेळी वेळ बघितलीच नाही. आधी उत्तरं. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून प्रोग्रॅमनं ताडली. खडक कोरडे. सगळं जागेवर. फक्त एकूण बेरजांत अगदी शेवटच्या अंकांत फरक.

रत्नाचे गाईड पाटील सर आले. वयस्कर, सौम्य माणूस, पण ऐकेनात. "उत्तर बदललं म्हणजे उत्तर बदललं. यावर मी सही कशी करू?"

मी समजावलं. जुना कम्पायलर एकामागून एक मिळवत जायचा. माझा आठ वेगळ्या बेरजा करतो आणि शेवटी त्या एकत्र करतो. मशीन ठरावीक अंकच धरतं, म्हणून क्रम बदलला की शेवटचा अंक हलतो. दोन्हींतलं कुठलंच चूक नाही.

"मान्य," सर म्हणाले. "पण बाई, तुमच्या कम्पायलरनं मला विचारलं का, क्रम बदलू का म्हणून?"

बसमधे हेच डोक्यात.


१७ ऑक्टो.

तीन दिवस मनात वाद. बेरजेचं लूप रुंद केल्यानं बराच वेग मिळतो. ते सोडलं तर दाखवायच्या आकड्यांत घट. मार्टिनसमोर आधीच तोंडघशी पडलेय.

पण पाटील सरांचा प्रश्न बरोबर आहे. माणसानं लिहिलेलं कम्पायलरनं न विचारता बदलायचं नाही. आज ठरवलं. बेरजांचा क्रम बदलायचा तर वेगळा स्विच. मागितला तरच. बाकीची अटीची लूप रुंद, आणि उत्तर शेवटच्या अंकापर्यंत तेच.

अप्पांना सांगितलं. म्हणाले, "आमच्या परीक्षेत चुका कापून वेग धरायचे. सगळ्यात जोरात टाइप करणारी पोरं नापास व्हायची."

"मी किती नापास केली आस्तील तुमी."

"लई," अप्पा म्हणाले. "त्यातली बरीच दसऱ्याला येऊन गेली."

रत्नानं नव्यानं बांधून चालवलं, फोन आला. पहिल्या वेळेइतकं झटपट नाही. पण सकाळी लावलं तर जेवायच्या आत संपतं, आणि दोन्ही फाइलींत एका अंकाचा फरक नाही. पाटील सरांनी ओळ न् ओळ बघितली म्हणे. मग तिला म्हणाले, "चालवा."

मार्टिनला सगळं लिहिलं. चूक काय, दुरुस्ती काय, टेस्ट कुठल्या, आणि वेग कुठे मुद्दाम सोडला ते. आता त्याच्या हातात.


२६ ऑक्टो. दिवाळी

डॉक्टरांनी परवा पाय टेकायला परवानगी दिली. आज वॉकर धरून अप्पा उभे राहिले. मी एका बाजूला, शिवा दुसऱ्या (काल आला). अव्वा समोर, हात पुढं करून, लहान पोराला बोलवावं तशी. पलंगापासून दारापर्यंत. मधे एकदा थांबले. मी धरायला गेले तर म्हणाले, "सोड. बगायलाव मी."

दारात पोचून रस्त्याकडे बघत बराच वेळ उभे होते. येणारा-जाणारा नमस्कार करत होता.

मार्टिनचं उत्तर नाही.


५ नोव्हें. कोहिनूर

रत्ना विहिरी मोजायला निघाली होती, मीही गेले. कोहिनूर मामांचं गाव, शेत तिथेच. तूर कमरेएवढी, फुलावर आलेली. मामा, मामी, पांढरी शुभ्र ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी.

टेपच्या टोकाला लोखंडाचा तुकडा बांधून विहिरीत सोडायचा, ओला कुठपर्यंत झाला ते बघायचं. रत्ना वाकून टेप सोडत होती, मी तिची ओढणी धरून. प्रोग्रॅमनं जो आकडा काढला होता त्याच्या अगदी जवळ आला. हातभरही फरक नाही. रत्ना टेप पुसत राहिली. मग म्हणाली, "जगू, आधीच्या वेगानं हे कळायला मला दोन वर्षं लागली आसती. इतक्या वेळा चालवून बघायला सवडच नव्हती."

मामा म्हणाले, "तुमच्या कंप्युटरला आमची हीर दिसती व्हय?"

"दिसत न्हाई मामा. अंदाज बांधतंय."

"कुणी शिकिवलं त्याला?"

रत्नानं माझ्याकडे बोट दाखवलं. तसं ते खरं नाही, प्रोग्रॅम तिचा. मी फक्त त्याला जोरात पळवलं. पण मामी म्हणाल्या, "आमच्या बहिणीची पोरगी हाय ती," म्हणजे नणंदेची, आणि शेजारच्या शेतातल्या बायकांनाही ऐकू जाईल असं म्हणाल्या. मीही दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या एका विहिरीत मात्र आकडा साफ चुकला. का, ते रत्नाला माहीत नाही. बसमधे तेच घेऊन बसली होती. खूष होती. तिचं तसंच असतं.


१८ नोव्हें.

मार्टिनचा लांबलचक मेल. पॅच ओळ न् ओळ वाचलाय. नावांवर शेरे, एका ठिकाणी मी जास्तीचा मास्क काढत होते तो वाचवता येईल असं दाखवलं. बरोबर आहे त्याचं. चार थरांच्या टेस्टबद्दल, "हे आमच्याकडे आधीच असायला हवं होतं." आणि बेरजेच्या स्विचबद्दल एकच ओळ, मी असतो तर वेग सोडला नसता, पण तुझं बरोबर आहे.

ही ओळ अव्वाला वाचून दाखवली, मराठीत करून. ती म्हणाली, "मग आधी नको कामून म्हणला हुता?"

"आधी मी दाखवलं नव्हतं ना, अव्वा."


२ डिसें.

गेला. पॅच गेला. सकाळी माळवदावर बसले होते, मेलच्या यादीवर ओळ आली. कम्पायलरच्या मुख्य झाडात, म्हणजे मूळ कोडमधे. माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी नेहमी तसंच लिहिते, टीममधे हसतात.

लॅपटॉप खाली आणला, अप्पांना दाखवला. चष्मा लावून त्यांनी नावाखालनं बोट फिरवलं. टायपिस्टची नजर, आधी स्पेलिंग बघितलं. "बरोबर हाय." मग माझं नाव सोडून खालचा मजकूर वाचायला लागले. इंग्रजी वाचता येतं, अर्थ लागत नव्हता, तरी शेवटपर्यंत वाचला. मग हात माझ्या डोक्यावर ठेवला, थोडा वेळ तसाच.

एक मात्र राहिलं. या रिलीजमधे तो आपोआप चालू होणार नाही. कुणी मागितला तरच. मार्टिन म्हणतो, जगभरचे प्रोग्रॅम पडलेत, सगळ्यांवर एकदम सोडायचा नाही. लोक वापरू देत, कुठे मोडतोय ते बघू, मग पुढच्या रिलीजला ठरवू.

ठीक. मीही असंच म्हणाले असते. कदाचित.


१९ डिसें.

अप्पा आता काठीवर. रोज कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात. राव सरांनी सांगितलं, जानेवारीत ये. आणि त्यानंतर पुढच्या चिपचं काम, त्यात मास्क चिपमधेच येणार असं ऐकतो, त्यासाठी दोन वर्षं हेड ऑफिसला जातीस का? मार्टिननं माझं नाव घेतलं म्हणे.

रत्नाचं वेगळंच चाललंय. पाटील सर प्राचार्यांशी बोललेत, एक सत्र आमच्या कॉलेजात येऊन कम्पायलर शिकव म्हणते. "पगार तुझ्या पगाराशी ताडू नको," म्हणाली. "पण पोरं हायत, जगू. कुणी सांगितलंच न्हाई त्यांना की हे इथं बसून पण करता येतंय."

शिवा म्हणाला, दोन्ही ऐकून घे, घाई नको. अप्पा म्हणाले, "मला विचारू नको. मला दोन्ही सांगायला चांगलंच वाटंल लोकांना."


३१ डिसें.

परवाचं बंगळूरचं तिकीट. बॅग अर्धी भरलीय. अव्वा शेंगापोळ्या करायलीय, दोन डबे भरायला, एक राव सरांना.

सकाळी यादीवर एक मेल आला. ओळखीचा माणूस नाही, कुठल्या दूरच्या देशातला. लिहितो, नवा मास्कचा स्विच लावून आमच्या दवाखान्यातला प्रोग्रॅम बांधला, हृदयाचे ठोके मोजायचा. चांगलाच वेगानं चालतो, आभार. पण एका नमुन्यावर उत्तर वेगळं येतंय. चूक आमची की तुमची, कळत नाही. सोबत फाइल जोडलीय. मायना "प्रिय श्रीमान जगदेवी".

अव्वाला सांगितलं, ती पोळी लाटता लाटता थांबून हसली. "श्रीमान म्हणायलाय व्हय?"

तो मेल मी परत परत वाचला. कुठला तो माणूस, कुठला दवाखाना. त्यानं मला विचारलंय. कंपनीला नाही, मार्टिनला नाही. तीन थर, चार थर सगळं तपासलं होतं मी. त्याच्या लूपमधे मला न सुचलेलं काहीतरी असेल. किंवा चूक त्याचीच असेल.

श्रीमान नाही, श्रीमती, एवढं उत्तर आधी पाठवून दिलं. आणि फाइल मिळाली, बघते आहे, म्हणून.

लाइट आहे. अप्पा कोपऱ्यापर्यंत गेलेत. फाइल उघडली. पहिलंच लूप अटीचं.